छातीतील जळजळ : पित्त कोणते आणि धोका कोणता?



उसाची पाने पिवळी पडली म्हणजे जाणता शेतकरी लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी पान हातात घेऊन पाहतो. शिरा हिरव्या आहेत का, पिवळेपणा खालच्या पानांवर आहे की कोंबाकडच्या, हे बघतो. शंका आली तर एखादे बेट उपटून मुळाशी हुमणी आहे का तेही तपासतो. कारण नत्र कमी पडले तरी पान पिवळे, चुनखडीच्या रानात लोह मिळाले नाही तरी पान पिवळे, आणि हुमणीने मुळ्या खाल्ल्या तरी पान पिवळेच. लक्षण एक, कारणे तीन, आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण इतके चौकस राहत नाही. छातीत जळजळले, की घरातले कोणीतरी म्हणते, "पित्त झालंय, जरा सोडा घे, ढेकर आला की मोकळं वाटेल." बहुतेक वेळा ते खरेच पित्त असते आणि मोकळेही वाटते. पण प्रत्येक वेळी तसे नसते. म्हणून या पाठात आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. पहिली, घशाशी येणाऱ्या पित्ताची लक्षणे व कारणे कशी ओळखावी. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, पित्ताच्या नावाखाली कोणते दुखणे झाकले जाऊ नये.

'पित्त' या एका शब्दात किती दुखणी?

आपल्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द निदान चार दुखण्यांना वापरला जातो.

१) अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते, तिला आपण 'पित्त उठले' म्हणतो. ही अंगाला एखादी वस्तू न मानवल्याची खूण आहे.

२) अर्धे डोके ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळते आणि उलटी झाली की बरे वाटते. ही बहुधा अर्धशिशी असते.

३) तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्यात जाते. हे पित्ताशयातील खड्यांचे लक्षण असू शकते. खरे पित्त यकृतात तयार होऊन याच पिशवीत साठते.

४) छातीच्या मधोमध जळजळते, आंबट-कडू पाणी घशाशी येते. हा आपल्या आजच्या पाठाचा विषय.

या चौथ्या प्रकाराला आयुर्वेदात अम्लपित्त म्हणतात. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात त्याचे स्वतंत्र वर्णन आहे आणि वर चढणारे ते 'ऊर्ध्वग' असा भेदही केलेला आहे. डॉक्टर मंडळी घशाशी येणाऱ्या या त्रासाला 'ॲसिड रिफ्लक्स' म्हणतात. म्हणजे जठरातील आम्ल उलटे फिरून अन्ननलिकेत येणे.

आम्ल उलटे का फिरते?

विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. त्यातले चामडे झिजले किंवा काडीकचरा अडकला, की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते आणि मोटार पाणी ओढत नाही. अन्ननलिका आणि जठर जेथे मिळतात तेथेही असाच एक पडदा आहे, फक्त दिशा उलटी. अन्न खाली जाऊ द्यायचे आणि वर येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. हा पडदा चामड्याचा नसून स्नायूचे कडे आहे. घास आला की ते सैल होते आणि घास गेला की आवळते.

हे कडे ढिले पडले, भलत्या वेळी उघडले, किंवा खालून पोटाचा दाब फार वाढला, तर जठरातला रस वर चढतो. थोडाफार रस सर्वांच्याच वर येतो, त्याने काही बिघडत नाही. तो वारंवार आणि जास्त वेळ वर राहू लागला म्हणजे दुखणे सुरू होते.

हा रस किती तीव्र असतो? जठरात मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. आपल्याला माती परीक्षणातला 'सामू' माहीत आहे. सात म्हणजे उदासीन आणि त्याखाली आम्ल. गाळलेल्या उसाच्या रसाचा सामू पाचाच्या आसपास असतो. कारखान्यात त्यात चुन्याची निवळी घालून तो सातापर्यंत आणतात, नाहीतर साखर फुटून वाया जाते. जठरातील रसाचा सामू दीड ते तीनपर्यंत उतरतो. सामूचा एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे सामू दोन असलेला जठररस उसाच्या रसापेक्षा हजारपट आम्ल झाला. जठराला आतून चिकट द्रवाचे जाड अस्तर असल्याने ते टिकते. अन्ननलिकेला तसले अस्तर नाही. म्हणून तेथे आग होते आणि फार दिवस चालले तर जखमाही होतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

१) छातीच्या हाडामागे जळजळ. ती खालून वर घशाकडे चढल्यासारखी वाटते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते. उठून बसले की कमी होते.

२) आंबट किंवा कडू पाणी तोंडात येणे, करपट ढेकर, कधी खाल्लेले अन्न घशापर्यंत येणे.

३) रात्री झोपेत ठसका लागून जाग येणे, उशीवर आंबट पाणी पडणे.

४) सकाळी आवाज बसलेला असणे, घसा सारखा खाकरावा लागणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे.

५) महिनोन्महिने कोरडा खोकला. छातीत कफ नाही, औषधाने उतरत नाही. अशा खोकल्याच्या मागे कधी कधी हेच आम्ल असते. दमेकऱ्याचा दमाही त्याने वाढतो.

६) दातांची आतील बाजू झिजणे, दात आंबणे.

शेवटच्या तीन लक्षणांत छातीत जळजळ असेलच असे नाही. म्हणून "मला जळजळ नाही, मग पित्त कसलं?" असे म्हणून चालत नाही. तसेच खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर तो पित्ताचा समजून बसू नये. आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी.

कारणे : आपल्याच दिनक्रमात शोधावीत

*रात्रीचे पाणी आणि रात्रीचे जेवण.* जेथे शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, तेथे माणूस रात्री अकराला रानातून येतो, पोटभर जेवतो आणि लगेच अंथरुणाला पाठ टेकतो. कारखान्यातल्या पाळीवाल्यांचे आणि ऊस वाहणाऱ्या चालकांचेही तेच. भरलेले जठर आडवे झाले की रसाला वर चढायला उतार मिळतो. पाट आणि सरी एका पातळीत आल्यावर पाणी कोठेही जाणारच.

*वाकणे आणि दाब.* लागण, खुरपणी, तोडणी, मोळी उचलणे ही सारी पोटावर दाब आणणारी कामे. जेवून उठल्याबरोबर वाकून कामाला लागणे, कमरेला पट्टा, नाडी किंवा काष्टा करकचून आवळणे, याने खालचा दाब वाढतो. सुटलेले पोट हा तर चोवीस तासांचा दाब. काम ट्रॅक्टरने होऊ लागले, चालणे कमी झाले आणि आहार मात्र मोट हाकणाऱ्याचा राहिला, असे आज अनेक घरांत दिसते. गरोदरपणातही शेवटच्या महिन्यांत हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो.

*तंबाखू आणि मिसरी.* तंबाखूतील निकोटिनने ते स्नायूचे कडे सैल पडते. विडी-सिगारेटने लाळही कमी होते, आणि लाळ ही आम्ल धुऊन काढणारी निसर्गाची निवळी आहे. सकाळी उपाशीपोटी मिसरी आणि त्यावर दोन कप चहा, हा आपल्याकडील अनेक माताभगिनींचा परिपाठ आहे. जळजळीचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

*दारू.* ती कडे सैल करते आणि अन्ननलिकेला इजाही करते. त्यावर तळलेले खाणे आणि लगेच झोप, म्हणजे तिन्ही कारणे एकत्र.

*खाणे.* तळलेले व तेलकट अन्न जठरात जास्त वेळ राहते. तर्रीदार रस्सा, ठेचा, कांदा, टोमॅटो, लिंबू, चहा, यांतले कोणाला काय बाधेल हे माणसागणिक वेगळे असते. उपवासाच्या दिवशी दिवसभर उपाशी राहून रात्री शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाणा पोटभर खाणे, हेही अनेकांना बाधते.

*औषधे.* अंगदुखी-गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि अन्ननलिकेला जखमा करतात. हंगामात तोडणीच्या कामावर या गोळ्या रोज खाल्ल्या जातात, ही गंभीर बाब आहे. रक्तदाबाच्या आणि दम्याच्या काही औषधांनीही कडे सैल पडते. मात्र ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत.

*इतर.* काहींच्या जठराचा वरचा भाग छाती व पोट यांमधील पडद्यातून वर सरकलेला असतो. जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामे होते. ही कारणे तपासणीतच कळतात.

येथे एक खुलासा करतो. पोटातल्या जखमा तिखटाने आणि काळजीने होतात, असे पूर्वी डॉक्टरही मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना जठरात एक जंतू सापडला, आणि बहुतेक जखमांच्या मुळाशी तो असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो जंतू औषधाने घालवता येतो. तेव्हा बेंबीच्या वर, पोटात सारखे दुखत असेल तर तिखट सोडून गप्प बसू नये, तपासून घ्यावे.

उपाय म्हणून केलेले अपाय

*सोडा.* खाण्याच्या सोड्याने आम्ल मारले जाते, ढेकर येतो, बरे वाटते. पण त्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी तो घेऊ नये, आणि इतरांनीही त्याची सवय लावू नये.

*मिठाचे पाणी पिऊन उलटी काढणे.* सकाळी घशात बोटे घालून 'पित्त पाडण्याची' चाल आपल्याकडे जुनी आहे. ज्या नळीला आम्लाने इजा होते, तिच्यातूनच आपण ते जोराने वर ओढतो. दात झिजतात, आणि जोर बसून अन्ननलिकेला चीर पडली तर रक्ताची उलटीही होते.

*दूध.* थंड दुधाने घटकाभर बरे वाटते. पण दूध पचवायला जठर पुन्हा आम्ल सोडते. रात्री झोपताना पेलाभर दूध पिऊन त्रास वाढतो तो यामुळे.

*मनाने घेतलेल्या गोळ्या.* आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा गोळ्या चांगल्या आहेत. पण त्या साधारणपणे न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात, जेवून जळजळ सुरू झाल्यावर नव्हे. आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे त्या चालू ठेवल्यास शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पडू शकते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

खालीलपैकी एक जरी खूण असली तरी घरगुती इलाज बंद करून डॉक्टरांकडे जावे.

१) घास गिळताना अडकणे किंवा दुखणे. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणी, असा क्रम असल्यास एक दिवसही दवडू नये. तंबाखू खाणाऱ्यांनी विशेष जपावे.
२) रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळी उलटी.
३) डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच.
४) कारण नसताना वजन उतरणे, भूक जाणे, अंगात रक्त कमी होणे.
५) चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास.
६) आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा, आणि महिन्याहून जास्त दिवस टिकलेली जळजळ.

आणि सर्वांत मोठा धोका : हृदयविकाराचा झटका

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली म्हणजे झटका येतो. पाटाचे दार पडले तरी ऊस आठ-दहा दिवस तग धरतो. हृदयाचा स्नायू मात्र अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा वाढत नाही.

हृदय आणि अन्ननलिका अगदी शेजारी आहेत. त्यामुळे दोन्हींचे दुखणे छातीच्या मधोमधच जाणवते. फरक ओळखण्यास पुढील खुणा उपयोगी पडतात. छातीवर ओझे ठेवल्यासारखा किंवा आवळल्यासारखा दाब, दुखणे डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे, चालताना, चढ चढताना किंवा मोळी उचलताना सुरू होणे. या हृदयाच्या खुणा समजाव्यात.

पण याहून महत्त्वाचे ते असे, की या खुणा प्रत्येकात दिसत नाहीत. मधुमेही माणसाला, स्त्रियांना आणि वयस्कर मंडळींना झटका आला असताना नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागात गच्चपणा, थकवा एवढेच जाणवू शकते. "गॅस झालाय" असेच त्यांना वाटते. सोड्याने ढेकर आला, थोडे बरे वाटले, म्हणजे हृदय ठीक आहे असा पुरावा मिळत नाही.

तेव्हा नियम सोपा ठेवावा. नेहमीपेक्षा वेगळे, छातीतले किंवा बेंबीच्या वरचे दुखणे, घामासह, दमासह, किंवा दहा-पंधरा मिनिटे बसूनही न थांबणारे असेल, तर ते हृदयाचेच आहे असे धरून चालावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. रुग्णाला चालवू नये, आणि त्याने स्वतः मोटारसायकल चालवत तालुक्याला जाऊ नये. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढून घ्यावा. पहिला आलेख चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे, कारण दुसऱ्या आलेखात बदल दिसू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या बारा तासांत देतात. जितके लवकर, तितका स्नायू वाचतो.

हंगामात याच ठिकाणी घोटाळा होतो. तोडणीची चिठ्ठी आलेली असते, टोळी फडात असते, गाडी भरायची असते. "एवढी खेप जाऊ दे, मग बघू," असे माणूस म्हणतो. उसाला उशीर झाला तर वजन घटेल, उतारा थोडा कमी बसेल. ते नुकसान पुढच्या वर्षी भरून निघते. या नुकसानीची भरपाई मात्र कोणत्याच हंगामात होत नाही. आणि दुखणे पित्ताचेच निघाले, तर एक खेप चुकली एवढेच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

साध्या पित्तासाठी काय करावे?

१) रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. रात्री पाण्यावर जायचे असेल तर सातलाच जेवून जावे. परत आल्यावर फार भूक असली तर थोडेच खावे.

२) बाजेच्या उशाकडील दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवाव्यात. सहा इंच उंची पुरे. उशांचा ढीग करू नये, त्याने कंबरेत घडी पडून दाब उलट वाढतो.

३) शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे. तसे झोपल्याने आम्ल जठराच्या तोंडापासून खालच्या बाजूला राहते.

४) एकदम पोटभर खाण्यापेक्षा थोडे थोडे, सावकाश खावे. जेवल्यावर तासभर वाकण्याचे काम टाळावे. कमरेचे बंधन सैल ठेवावे.

५) तंबाखू, मिसरी, विडी, दारू सोडावी. पोट सुटले असल्यास वजन उतरवावे. पाच-सात किलो उतरले तरी अनेकांना फरक जाणवतो.

६) आठ दिवस एक वही ठेवावी. किती वाजता जेवलो, काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, किती वाजता झोपलो, जळजळ केव्हा झाली, हे लिहावे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून लिहून घेतले तरी चालेल. आपले कारण कोणते ते वहीच सांगेल, आणि डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर नेल्यास त्यांचेही काम सोपे होईल.

एवढे करून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तपासणी करून घ्यावी. जरूर पडल्यास डॉक्टर दुर्बिणीने अन्ननलिका व जठर आतून पाहतात. ही तपासणी थोड्या मिनिटांची असते. तिला भिण्याचे कारण नाही.

सभासदांनी हा पाठ घरातल्या माणसांना वाचून दाखवावा, आणि आपल्या फडातल्या टोळीलाही यातल्या धोक्याच्या खुणा सांगाव्यात. घरापासून लांब, कोपीत राहणाऱ्या त्या माणसांना दवाखाना कोठे आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. १०८ हा क्रमांक खळ्यावर, मोटारीच्या खोलीत आणि ट्रॅक्टरच्या टपावर खडूने लिहून ठेवावा. वेळ आली म्हणजे तो शोधत बसावे लागू नये.